आधी घर की आधी माणसं? एका लाल ओळीची चिकित्सा



मागच्या खेपेला साताऱ्यात बोललो, तेव्हा व्याख्यान संपल्यावर एक तरुण जवळ आला. वेबसाइटी बनवतो म्हणाला. मुलगा हुशार आणि बोलायला मोकळा. म्हणाला, "सर, कार्यकारणभाव, परस्परावलंबन हे सगळं ठीक आहे. पण आमच्याकडे दोन रेकॉर्ड एकमेकांवर अडून बसले की आम्ही एक शब्द लिहितो आणि एरर जातो. एवढं तत्त्वज्ञान कशाला?" आम्ही विचारलं, कोणता शब्द? तो म्हणाला, "ऑप्शनल."

त्या एका शब्दाबद्दल आज इथं सांगलीत बोलायचं आहे. सांगलीतच बोलायचं, कारण या शब्दानं काय होतं ते आम्ही याच गावात पाहिलं आहे. आणि तो शब्द लिहायला संमती देणाऱ्यांत आम्हीही होतो.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत, तुमच्यातल्या अनेकांनी ते माळ्यावर बसून काढले आहेत. पाणी उतरल्यावर ओळखीच्या काही मंडळींनी धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण वाटायचं ठरवलं. वाटप घराप्रमाणे, आणि घरात माणसं किती त्याप्रमाणे कमी-जास्त. कुणाला दोनदा जाऊ नये, कुणी राहू नये म्हणून एका मुलानं दोन रात्री जागून नोंदणीचं पान तयार केलं. आम्ही टेबलावर बसून नावं घेत होतो. एक वही आणि शेजारी लॅपटॉप.

पान अगदी साधं. वर घराची माहिती: पत्ता, मोबाईल, कुटुंबप्रमुख. खाली एकेका माणसाची ओळ: नाव, वय, नातं. शेवटी एक बटण, "जतन करा". संगणकाच्या भाषेत हे दोन तक्ते: एक घरांचा, एक माणसांचा. माणसांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीवर घराचा क्रमांक. एकाच फॉर्मातून पालक नोंद आणि तिच्या पोटातल्या नोंदी एकदम तयार करायच्या. याला नेस्टेड रेकॉर्ड म्हणतात. शाळेतला प्रवेश, दुकानाचं बिल, पतसंस्थेचं कर्ज आणि जामीनदार, सगळीकडे हाच आकार असतो.

पहिलं घर भरलं, बटण दाबलं आणि लाल ओळ आली: "कुटुंब अस्तित्वात असणे आवश्यक आहे."

आता कुटुंब तर समोर उभं होतं. ओली गाठोडी घेऊन, लेकराबाळांसकट. संगणक म्हणतो, ते अस्तित्वात नाही.

घडलं होतं असं. मुलानं काळजीपूर्वक एक नियम घातला होता: माणसाच्या नोंदीत घराचा क्रमांक असलाच पाहिजे. नियम योग्यच होता, घराशिवाय माणूस यादीत नको. पण घराला क्रमांक मिळतो केव्हा? ते डेटाबेसमध्ये लिहिलं जातं तेव्हा. आणि फ्रेमवर्क काहीही लिहिण्याआधी सगळ्यांची तपासणी करतं, घराची आणि त्याच्या पोटातल्या प्रत्येक माणसाची. तपासणीच्या क्षणी घर नवं, म्हणून क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून माणूस अवैध. माणूस अवैध म्हणून घरही अवैध. घर अवैध म्हणून ते लिहिलं जाणार नाही, आणि लिहिलं गेलं नाही तर क्रमांक कधीच मिळणार नाही. चाक पूर्ण झालं.

रांग वाढत होती. मुलगा म्हणाला, "सर, तो चेक काढतो." आम्ही म्हणालो, "काढ बाबा, माणसं उन्हात उभी आहेत." त्यानं ऑप्शनल लिहिलं. लाल ओळ गेली.

दुपारी दुसरी अडचण आली. मोबाईलचा एक आकडा कमी पडला की पूर्ण फॉर्म परत यायचा, आणि आठ-आठ माणसांची नावं पुन्हा लिहावी लागायची. मुलानं चांगल्या मनानं आणखी एक बदल केला: माणसं आधी जतन करायची, घर मागाहून. आता चेक नव्हताच, त्यामुळे संगणकानं तक्रार केली नाही. घर मोबाईलपायी अडलं, तरी माणसं तक्त्यात जाऊन बसायची, पण घराशिवाय. मोबाईल दुरुस्त करून बटण पुन्हा दाबलं की तीच माणसं दुसऱ्यांदा, या वेळी घरासकट. आणि ज्यांनी कंटाळून पुन्हा दाबलंच नाही, ती कायमची बेघर. यादीत नाव आहे, पण कुठल्याही घरात नाही.

तिसऱ्या दिवशी एक म्हाताऱ्या आजी आल्या. मुलानं नाव शोधलं, सापडलं. म्हणाला, "आजी, तुमचं नाव आहे, पण घर दिसत नाही." आजी म्हणाल्या, "घर पाण्यात गेलं ते मला बी ठाऊक हाय. मी कुठल्या घरची, ते तू लिवून घेतलं न्हाईस."

मंडळी, या आजींच्या वाक्यात आजचं सगळं व्याख्यान आहे. बाकी आम्ही त्याचं भाष्य करतो आहोत एवढंच.

आमच्या न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय नावाचा एक दोष सांगितला आहे. 'अ' सिद्ध व्हायला 'ब' हवा आणि 'ब' सिद्ध व्हायला 'अ' हवा, म्हणजे दोन्ही असिद्ध. पण नैयायिक इथं थांबत नाहीत. ते विचारतात, हा परस्पर आधार कशाबाबत आहे? उत्पत्तीबाबत, स्थितीबाबत की ज्ञप्तीबाबत? एक निर्माण व्हायला दुसरा लागतो, ही उत्पत्ती. एक टिकायला दुसरा लागतो, ही स्थिती. एक कळायला दुसरा कळावा लागतो, ही ज्ञप्ती. दोष तीन ठिकाणी दिसायला सारखा, पण तीन ठिकाणी त्याचा उलगडा वेगळा.

आमची तक्रार नेमकी इथं आहे. वेब फ्रेमवर्कांमध्ये हे तीनही दोष प्रोग्रामरसमोर साधारण एकाच लाल ओळीनं येतात, आणि म्हणून तिन्हींवर एकच औषध चालतं असा समज होतो. आपण तीन वेगळे करून पाहू.

पहिली ज्ञप्ती. आमच्या लाल ओळीतला दोष हा होता. माणूस कुठल्या घरचा, हे संगणकाला माहीत नव्हतं का? होतं. एकाच फॉर्मात, घराच्या पोटातच ती ओळ होती. मेमरीमध्ये घर त्या माणसांना धरून उभं होतं. पण नियमानं नातं विचारलं नाही, क्रमांक विचारला. क्रमांक ही नात्याची नंतरची खूण. लग्न झालं की नाही हे पाहायला कुणी मांडवातच दाखला मागावा, तसं हे झालं.

म्हणून पहिली दुरुस्ती: घराचा क्रमांक आहे का, हे तपासू नका. घर जोडलेलं आहे का, हे तपासा. नियम काढायचा नाही, नियमाचा विषय बदलायचा.

इथं एक मेख आहे. घराला माणसं माहीत असतात, पण माणसाला घर माहीत असेलच असं नाही. नव्य-न्यायात म्हणतात, पितृत्व आणि पुत्रत्व ही एकमेकांनी निरूपित असतात. एक सांगितलं की दुसरं आलंच. संगणकाला ते आपोआप येत नाही. त्याच्या लेखी "घराला माणसं आहेत" आणि "माणसाला घर आहे" ही दोन स्वतंत्र विधानं. दोन्ही एकाच नात्याची दोन टोकं आहेत, हे त्याला सांगावं लागतं. रूबी ऑन रेल्समध्ये त्यासाठी इन्व्हर्स ऑफ नावाची सोय आहे.

याचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. पोटातल्या नोंदी एकाच फॉर्मातून घ्यायची सोय रेल्सच्या २.३ आवृत्तीत, २००९ साली आली. दोन टोकं आपोआप ओळखण्याची सोय ४.१ मध्ये, २०१४ साली. आणि पालक असलाच पाहिजे हा नियम नव्या प्रकल्पांत मुळातच लागू झाला तो ५.० मध्ये, २०१६ साली. म्हणजे पाच वर्षं दोन टोकं हातानं जोडायला लागत होती, नंतर ती बहुतेक वेळा आपोआप जुळू लागली, आणि मग त्या भरवशावर नियम कडक झाला. पण "बहुतेक वेळा" हा शब्द लक्षात ठेवा. तुम्ही फॉरेन कीचं नाव नेहमीपेक्षा वेगळं ठेवलंत, तर रेल्स दुसरं टोक स्वतःहून ओळखत नाही. मग माणसाला घर दिसत नाही आणि तीच लाल ओळ येते. तिथं एक ओळ लिहून दुसरं टोक दाखवायचं की काम होतं. आमच्या मुलाला ही ओळ माहीत असती तर ऑप्शनलची गरज नव्हती. दोन्हींना लिहायला सारखाच वेळ लागतो.

आमच्या वहीत हा प्रश्न का आला नाही? कारण वहीत पानाच्या डोक्यावर घर लिहिलेलं होतं आणि खाली माणसं. माणसाच्या नावापुढे घराचा क्रमांक नव्हता, तरी कोण कुणाचा यात कधी शंका नव्हती. पानातली जागा हेच नातं.

दुसरी उत्पत्ती. इथं प्रश्न निर्मितीच्या क्रमाचा. तपासणी झाली, आता लिहायचं. आधी घर लिहायचं, क्रमांक घ्यायचा, तो माणसांना द्यायचा, मग माणसं लिहायची. यात अन्योन्याश्रय नाहीच. माणसाच्या नोंदीला घर हवं, घराच्या नोंदीला माणसाचा क्रमांक नको. पण एक अट आहे: हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायला हवं. मधे काही अडलं तर लिहिलेलं सगळं मागे घ्यायचं. घर गेलं आणि माणसं राहिली, किंवा माणसं गेली आणि घर राहिलं, असं होता कामा नये. आमच्या मुलाचा दुसरा बदल इथं चुकला. त्यानं क्रमही उलटा केला आणि ट्रान्झॅक्शनही तोडलं.

इथं फ्रेमवर्कांचे स्वभाव वेगळे आहेत. रेल्स पालक आणि पोटातल्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जतन करतं. जँगोमध्ये पूर्वी असं होई की न जतन केलेलं घर माणसाला जोडलं, मग घर जतन केलं, मग माणूस, तरी माणसाच्या नोंदीत घराची जागा रिकामी राहू शकत असे, तीही गुपचूप. २०१५ च्या १.८ आवृत्तीपासून, घर जतन न करताच माणूस जतन करू पाहिलं, तर जँगो सरळ नकार देतं. आम्हाला हा नकार आवडतो. गुपचूप हरवण्यापेक्षा मोठ्यानं नाही म्हटलेलं बरं. जँगोवरचं रेस्ट फ्रेमवर्क तर पोटातल्या नोंदी स्वतःहून लिहीतच नाही. तुम्ही क्रम हातानं लिहा म्हणतं. नवख्यांना हे त्रासाचं वाटतं. पण घर आधी का आणि माणूस नंतर का, याचा विचार त्यामुळे एकदा तरी करावा लागतो. ट्रान्झॅक्शन मात्र तुमचं तुम्हालाच गुंडाळावं लागतं, आणि तिथं पुष्कळ जण विसरतात. लाराव्हेलमध्येही तेच: पालक करा, मग मुलं करा, आणि दोन्हीभोवती ट्रान्झॅक्शन घाला.

पण मुलाची दुपारची अडचण खरी होती ना? एका आकड्यापायी आठ नावं पुन्हा लिहायची, हे रांगेतल्या माणसाला परवडत नाही. त्यावर उत्तर काय? उत्तर आपल्या तलाठ्याच्या दप्तरात आहे.

जमीन विकली, वारस लागले, की सातबारा लगेच बदलत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५० प्रमाणे आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकती मागवल्या जातात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. नोंद प्रमाणित झाली की मग तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. म्हणजे लिहिलेलं हरवत नाही आणि न तपासलेलं खरं म्हणून मिरवतही नाही. कच्ची नोंद आणि प्रमाणित नोंद या दोन अवस्थांना दोन जागा आहेत, दोन नावं आहेत. या व्यवस्थेत उशीर होतो, खेटे घालावे लागतात, ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पण तिची रचना शहाणी आहे.

फॉर्मातही हेच करता येतं. मोबाईल अपुरा आहे? पूर्ण घर, माणसांसकट, कच्चं म्हणून ठेवा. कच्च्याला नियम थोडे, पक्क्याला सगळे. पण कच्चं ठेवायचं तेही अख्खं घर ठेवायचं. माणसं पक्की आणि घर बेपत्ता, ही कच्ची नोंद नाही, ती मोडलेली नोंद आहे.

तिसरी स्थिती. इथं खरा अन्योन्याश्रय येऊ शकतो. आमच्या फॉर्मात कुटुंबप्रमुखाचा रकाना होता. समजा, घराच्या तक्त्यात लिहिलं की प्रमुखाचा क्रमांक हवाच, आणि माणसाच्या तक्त्यात लिहिलं की घराचा क्रमांक हवाच. आता कुणीच आधी लिहिता येत नाही. इथं नियमाचा विषय बदलून भागत नाही, कारण अडचण तपासणीत नसून साठवणीच्या रचनेतच आहे.

याला दोन मार्ग आहेत. पहिला, डेटाबेसला सांगायचं की हा नियम प्रत्येक ओळीला तपासू नकोस, ट्रान्झॅक्शन संपताना तपास. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन कीची तपासणी अशी पुढे ढकलता येते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत ती सोय नाही, तिथं तपासणी तिथल्या तिथं होते.

पुढे ढकलणं म्हणजे ढिलाई नव्हे. सातारा जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचं काम चालत आलं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातल्या नोंदींत मधेमधे बाण येतात, म्हणजे या विषयावर स्वतंत्र नोंद आहे, ती पाहा. आता अकारविल्हे कोशात पहिल्या खंडातला बाण 'प' किंवा 'स' अक्षराकडे गेला, तर ती नोंद त्या दिवशी छापलेली असणारच नाही. पण म्हणून संपादकांनी बाण काढून टाकला का? नाही. नोंदींची यादी हाताशी असते, बाण त्या यादीच्या भरवशावर असतो आणि हिशेब शेवटी पूर्ण करायचा असतो. जबाबदारी तारीख लावून पुढे नेली, टाकून दिली नाही. पुढे ढकललेली तपासणी आणि काढून टाकलेली तपासणी यांत हा फरक आहे.

दुसरा मार्ग आम्हाला अधिक पटतो: चाकाचा एक आरा मुळातच काढायचा. प्रमुख हा घराच्या तक्त्यात ठेवायलाच कशाला हवा? राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३, याचं कलम १३ पाहा. शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख कोण? घरातली सर्वांत वयस्क स्त्री, अठरा वर्षांची किंवा वरची. अशी स्त्री नसेल पण अठराच्या आतली मुलगी असेल, तर सर्वांत वयस्क पुरुष प्रमुख, आणि ती मुलगी अठराची झाली की प्रमुखपद तिच्याकडे. बघा, कायदा प्रमुखपण माणसांच्या माहितीतून काढतो आहे. वय आणि लिंग कळलं की प्रमुख कळला. आणि तो काळाप्रमाणे बदलतो. घराच्या तक्त्यात एकदा लिहून ठेवलेला प्रमुख त्या मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला शिळा होईल. म्हणजे ते माणसांमधून काढावं, नाहीतर फार तर माणसाच्या ओळीवर एक खूण असावी आणि एका घरात अशी खूण एकच, हे डेटाबेसनं राखावं. मग घर आधी, माणसं नंतर. चाक राहिलंच नाही.

आता लाल ओळीच्या भाषेबद्दल, कारण आमची टीका तिच्यावर सर्वांत जास्त आहे. आठ माणसांचा फॉर्म भरला आणि उत्तर आलं, "सदस्य अवैध आहे." कोणता सदस्य? रेल्समध्ये चुकीबरोबर ओळीचा क्रमांक द्यायची सोय ५.० पासून आहे, पण ती मागावी लागते. लाराव्हेल ओळीचा क्रमांक देतं, पण मोजणी शून्यापासून. 'सदस्य २' म्हणजे माणसाच्या हिशेबानं तिसरा. हे जसंच्या तसं टेबलावरच्या माणसाला दाखवलं, तर तो दुसऱ्याचं वय दुरुस्त करत बसतो आणि चूक तशीच राहते. रिकाम्या ओळींचंही तसंच. फॉर्मावर पाच ओळी छापल्या, घरात माणसं दोनच, की उरलेल्या तीन ओळी ओरडतात, "नाव आवश्यक आहे." पूर्ण रिकामी ओळ म्हणजे माणूस नाही, हे संगणकाला सांगावं लागतं. रेल्समध्ये ते वेगळं लिहावं लागतं. जँगोच्या फॉर्मसेटमध्ये जादा रिकाम्या ओळी आपोआप सोडल्या जातात.

आणि उलट बाजूची एक चूक, जिथं लाल ओळ यायला हवी तिथं येत नाही. एकच ओळख क्रमांक दोन भावांच्या ओळीत चुकून लिहिला. "हा क्रमांक आधी नसावा" असा नियम आहे. पण फ्रेमवर्क तपासतं ते डेटाबेसमध्ये लिहिलेल्यांशी. दोघे भाऊ अजून लिहिलेच नाहीत, त्यामुळे दोघेही एकमेकांना अदृश्य, दोघेही उत्तीर्ण. एका फॉर्मातल्या भावंडांची आपापसांत तुलना आपल्यालाच लिहावी लागते, आणि शेवटची राखण डेटाबेसच्या युनिक इंडेक्सनंच करायची. तसंच घराच्या क्रमांकाचं. फ्रेमवर्कमध्ये नातं तपासा, पण डेटाबेसच्या तक्त्यात घराचा रकाना रिकामा राहू शकणार नाही, अशी अट आणि फॉरेन की असू द्या. आमच्या पानाला हा शेवटचा पहारा असता, तर त्या दिवशी दुपारीच गडबड दिसली असती. आजींना तिसऱ्या दिवशी यावं लागलं नसतं.

आता साताऱ्याच्या त्या तरुणाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्ही एकतर्फी ठरू. तो म्हणेल, "सर, काही नोंदींना पालक नसतोच. ऑप्शनल हा शब्द काय उगाच आहे?" बरोबर आहे. आपल्या सातारा-सांगलीत ऊसतोडीच्या हंगामात माणसं येतात, फडाजवळ कोप्यांत राहतात. त्यांचं घर दुसऱ्या जिल्ह्यात. इथल्या यादीत त्यांना घर कुठलं द्यायचं? घाटावर झोपणाऱ्या माणसाला कुठलं द्यायचं? घराचा नियम कडक ठेवला, तर मदतीची सर्वांत जास्त गरज असलेलाच माणूस बाहेर राहतो. किंवा टेबलावरचा कार्यकर्ता दया येऊन त्याला कुठल्या तरी खोट्या घरात घालतो, आणि ते तर आणखी वाईट.

म्हणून आम्ही ऑप्शनल या शब्दाच्या विरोधात नाही. तो जगाबद्दलचं विधान म्हणून लिहिला, तर तो खरा असू शकतो: "घर नसलेली माणसं आहेत, आणि आमच्या यादीत त्यांना जागा आहे." मग त्याची किंमतही द्या. घर नसेल तर कारण हवं: हंगामी, निराधार, स्थलांतरित. घर किंवा कारण, दोहोंपैकी एक हवंच, असा नियम लिहा. वाटपाच्या यादीत त्यांचा वेगळा रकाना ठेवा. आमच्या मुलानं तो शब्द जगाबद्दल लिहिला नव्हता, लाल ओळ घालवायला लिहिला होता. डेटाबेसला या दोन ऑप्शनलमधला फरक कळत नाही. रिकामा रकाना दोन्हीकडे रिकामाच दिसतो. बेघर माणूस आणि ज्याचं घर लिहायचं राहिलं तो माणूस, दोघे एक होऊन जातात.

फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांवर आमचा आक्षेप एवढाच. नियम पाळण्याचा मार्ग तीन ठिकाणी विखुरलेला आहे: दुसरं टोक दाखवणं एकीकडे, क्रम आणि ट्रान्झॅक्शन दुसरीकडे, डेटाबेसचा पहारा तिसरीकडे. आणि नियम मोडायचा मार्ग एका शब्दात, हाताशी. रांग समोर असताना माणूस कुठला मार्ग घेईल, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. लाल ओळीनंच जर म्हटलं असतं, "या माणसाला घर जोडलेलं दिसत नाही. नातं दोन्ही बाजूंनी सांगितलं आहे का?" तर त्या मुलाला मार्ग सापडला असता.

फ्रेमवर्कला दोष देऊन आम्ही सुटत नाही, हेही तितकंच खरं. मुलानं विचारलं होतं, "काढू का?" त्या क्षणी "हा नियम तू कुणासाठी घातला होतास?" एवढा एक प्रश्न आम्ही विचारायला हवा होता. चाळीस वर्षं वर्गात प्रश्न विचारायला शिकवलं आणि तिथं विचारला नाही.

आजींचं काय झालं, ते सांगून थांबतो. वही होती म्हणून निभावलं. पान उलटत गेलो, त्यांचं नाव त्यांच्या थोरल्या मुलाच्या पानावर सापडलं, मोबाईलच्या रकान्यात नऊच आकडे. त्या रात्री आम्ही तिघं-चौघं वही आणि यादी समोरासमोर घेऊन बसलो, आणि एकेक माणूस त्याच्या घरी नेऊन पोहोचवला. पहाट झाली. मुलानं मग तो शब्द काढला, दोन्ही टोकं जोडली, रकाना रिकामा राहू नये अशी अट घातली आणि पहिलं घर पुन्हा भरून पाहिलं. लाल ओळ आली नाही.

साताऱ्याचा तो तरुण ऑनलाइन ऐकत असेल, तर त्याला सांगणं एवढंच: पुढच्या वेळी एरर आली की आधी स्वतःला विचार, हे चाक कळण्याचं आहे, घडण्याचं आहे की टिकण्याचं? मग कोणता शब्द लिहायचा ते ठरव.